लोकर वेचायला

लक्ष उडालेल्या माणसाला इंग्रज म्हणतो, हा 'वुल-गॅदरिंग'ला गेला आहे. म्हणजे लोकर वेचायला. आपण विचारतो, 'स्वारी कुठे आहे?' आपली नुसती चौकशी. इंग्रजाने मात्र पत्ताही शोधून काढला!

वाक्प्रचार चांगला जुना आहे. टॉमस विल्सन याने १५५३ साली वक्तृत्वकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात तो सापडतो. गंमत अशी की, तिथे तो पेंगणाऱ्या श्रोत्यांसाठी नाही; अडखळत, खाकरत बोलणाऱ्या वक्त्यांसाठी आहे. आम्हा प्राध्यापकांनी ही गोष्ट वर्गात न सांगितलेलीच बरी.

त्या काळी इंग्लंडची भरभराट होती लोकरीवर आणि लोकरी कापडावर. लॉर्ड्सच्या सभागृहात अध्यक्ष आजही बसतात ते लोकर भरलेल्या आसनावरच. पण ज्याच्या दारी मेंढरू नाही त्याने काय करावे? मेंढरे कुंपणाला अंग घासून जात आणि काटेरी झुडपांत लोकरीचे पुंजके अडकून राहत. गरिबाघरच्या म्हाताऱ्या, पोरेबाळे ते वेचीत हिंडत. एक पुंजका इथे, तर दुसरा पार पलीकडच्या कुंपणाला. पाहणाऱ्याला वाटावे, ही बाई उगाच भटकते आहे. पण ओंजळभर का होईना, लोकर तिच्या हाती लागे. हिणवणाऱ्यांनी तिची चाल तेवढी पाहिली, ओंजळ पाहिली नाही.

आपल्याकडचा सरवा याच जातीचा. परवा हा शब्द मी फळ्यावर लिहिला. खिडकीशी बसणारी एक मुलगी तासभर बाहेरच पाहत होती. मी काही बोललो नाही. तास संपल्यावर ती आली नि म्हणाली, "सर, माझी आजी भुईमुगाच्या शेंगांचा सरवा वेचायची. राखणदार हाकलायचा, म्हणून भर दुपारी जायची. तेव्हा तो जेवायला गेलेला असायचा." हे कोणत्या शब्दकोशात मिळणार?

अशी मुले आता विरळ होत चालली आहेत. पूर्वी दोन तासांमधली पाच-दहा मिनिटे व्हरांड्याच्या कठड्याला टेकून नुसती जात. आता घंटा होताच माना मोबाइलवर झुकतात. प्राध्यापकांच्या खोलीतही निराळे दृश्य नसते. लक्ष तेव्हाही उडत असे, पण ते आपल्या पायांनी भटके. आता त्याला कुणीतरी बोट धरून नेते, एका चित्रावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. मधे थांबू म्हणून देत नाही.

"काय पाहत होतास रे?" मी एकाला सहज विचारले.

पोरगा प्रामाणिक. क्षणभर आठवून पाहिले त्याने.

"काय माहीत, सर," तो म्हणाला.