हडर्सफील्डचे साइक्स

इंग्रजी आडनावांचे कोश मी कामासाठी रोज उघडतो. पण आडनावाचा अर्थ कळला म्हणजे घराण्याचं मूळ सापडलं, हे मला कधीच पटलेलं नाही.

साइक्स हे आडनाव घ्या. उत्तर इंग्लंडात ‘साइक’ म्हणजे पाणथळ माळातून वाहणारा बारीकसा ओहोळ. लहान मूल उडी मारून पलीकडे जाईल एवढाच रुंद, दोन्ही काठांना लव्हाळं. शेताची किंवा गावाची शीव बहुतेकदा त्याच्यावरूनच ठरे. ज्याचं घर ओहोळाकाठी, त्याला गाव त्या नावानं ओळखणार, हे ओघानंच आलं. असे ओहोळ गावोगाव असल्यामुळे साइक्स घराणीही ठिकठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना निर्माण झाली असणार, असं जाणकार धरून चालले होते.

कागदपत्रं मात्र एकाच मुलखाकडे बोट दाखवतात. १३७९ साली राजानं डोईपट्टी बसवली. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातल्या तिच्या याद्या बऱ्याच टिकून आहेत: गाव, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि साध्या कुटुंबाला नवराबायको मिळून चार पेन्स पट्टी. त्यांतले साइक्स याच भागातल्या हडर्सफील्ड शहराच्या आसपास भेटतात. बापाचं आडनाव मुलाला लागण्याची रीत तिकडे तेव्हा कुठे रुजत होती. त्यानंतर पाचशे वर्षांनी, १८८१च्या खानेसुमारीतही साइक्सांची दाटी हडर्सफील्डच्या आसपासच दिसते. कोल्न नदीच्या त्या खोऱ्यात घरोघरी लोकरीचे माग होते, जोडीला थोडी शेती. पुढे गिरण्याही तिथेच उभ्या राहिल्या. पोरांना पोटासाठी मुलूख सोडावा लागला नाही.

२००० साली ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाची तपासणी केली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तिकडचं आडनावही तसंच. त्यांनी ४८ साइक्स पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरच्या चार खुणा ताडून पाहिल्या. जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकच नमुना निघाला, आणि त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत तो आढळला नाही. उरलेल्यांचा उलगडा सातशे वर्षांत दुसऱ्या पित्याच्या मुलांना हे आडनाव लागत गेल्यानं होतो, असं त्यांचं म्हणणं. ते प्रमाण पिढीमागे सरासरी १.३ टक्के येतं. यावरून आजचे साइक्स एकाच मूळपुरुषाचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मी इतकं ठाम म्हणणार नाही. आरंभी साइक्स अनेक असतील. टिकलेलं मोठं कुळ एक, एवढंच यातून सिद्ध होतं. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी आडनावं नामशेष का होतात हा प्रश्न मांडला आणि हेन्री वॉटसन यांनी त्याचं गणित केलं. एखाद्या पिढीत फक्त मुली झाल्या किंवा मुलगे लहानपणीच गेले, की ते आडनाव तिथेच संपतं. शतकांच्या हिशेबात बहुतेक घराण्यांचं असंच होतं, आणि निव्वळ दैवानं वाचलेलं एखादं घर खोरंच्या खोरं भरून टाकतं. आनुवंशशास्त्रज्ञ टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस आडनावं वाय गुणसूत्रावरून तपासली. स्मिथांत परक्या माणसांइतकंच साम्य निघालं, कारण स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावात मात्र बहुसंख्य पुरुष एकाच वंशाचे ठरले. आडनाव जितकं विरळ, तितकी एकाच मुळाची शक्यता जास्त.

खोऱ्याबाहेर पडलेले साइक्सही होतेच. यॉर्कशरच्या अशाच एका घराण्यातले विल्यम हेन्री साइक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होते. १८१७च्या खडकीच्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूनं लढले. १८२४पासून सांख्यिकी अधिकारी म्हणून ते दख्खनभर हिंडले. पिकं, बाजारभाव, माणसं, मासे, पाखरं, सगळ्यांची नोंद त्यांनी केली आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. आपल्या माळरानांवरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला पक्षीनिरीक्षक आजही ‘साइक्सचा चंडोल’ म्हणतात.