न नेसलेल्या साड्यांचा हिशेब

चि. मुक्ता,

तू पाठवलेले स्क्रीनशॉट पुन्हा पुन्हा पाहिले. कपाटातल्या झाडून सगळ्या कपड्यांचे फोटो काढायचे, मागची गादी-भिंत पुसून टाकायची, मग ते रंगवार लावायचे, म्हणजे शनिवार-रविवार त्यातच गेले असणार. जेवलीस तरी का वेळेवर? चिकाटी तुझ्या आईची, माझ्या ताईचीच घेतलीस, यात शंका नाही. पण खाली तू सहज लिहून गेलीस, ‘वर्षभरात न घातलेलं सगळं ॲपनं वेगळं काढलंय, तेवढं देऊन टाकते,’ आणि तिथे माझा जीव खालीवर झाला. त्या ढिगात ताईच्या साड्या आहेत, मुक्ता. तू विचारलंस एवढंच, की पैसे भरून पुढची आवृत्ती घेऊ का. नको घेऊस, फुकटात होतं तेवढं पुरे. पण त्या दुसऱ्या वाक्याचं काय?

ॲपला नावं ठेवायला मी बसलेली नाही. उलट, आपण किती घेतो आणि त्यातलं किती अंगाला लागतं हे कुणीतरी तोंडावर सांगायलाच हवं होतं. एलन मॅकआर्थर फाउंडेशनचा 2017 चा अहवाल सांगतो, की 2000 ते 2015 या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं आणि टाकून देण्याआधी एक कपडा जितक्या वेळा वापरला जायचा, त्यात 36 टक्के घट झाली. अशा दिवसांत नवा कुर्ता घेण्याआधी तसलेच निळे चार कपाटात आहेत हे फोनवर दिसलं तर पैसे वाचतील, जागा वाचेल. किमतीला वापराच्या वेळांनी भागायचा हिशेबही मला पटतो. दोन हजारांचा कुर्ता चाळीसदा घातला तर एका वेळेला पन्नास रुपये पडले. पाचशेचा दोनदा घालून टाकला तर अडीचशे. स्वस्त कोणता, हे यातून कुणालाही कळेल. तुझ्या ऑफिसच्या कपड्यांना हे गणित जरूर लाव.

पण हे गणित रोजच्या कपड्यांचं आहे, आणि आपल्याकडे सगळे कपडे रोजचे नसतात. काळी चंद्रकळा संक्रांतीला निघते. पैठणी लग्नकार्याला, फार तर गौरींना. ॲपच्या लेखी या साड्या वर्षानुवर्षं आळशी ठरणार, कारण त्याला दिवस मोजता येतात, सण कळत नाहीत. एखाद्या वर्षी घरात सुतक आलं, तर वर्षभरातला तो एक दिवसही हुकतो. अशा साडीला ‘वापरात नाही’ म्हणणं म्हणजे तिचं काम काय आहे हेच न विचारता निकाल देणं. शिवाय बहुतेक ॲपची मांडणीच वरचा कपडा, खालचा कपडा, ड्रेस, जॅकेट अशी. एका साडीवर तीन ब्लाउज चालतात, एक ब्लाउज पाच साड्यांना जातो, आणि साडी घरातल्या चौघी नेसतात. नव्या साडीची घडी मोडायला आपण ती आधी दुसरीच्या हाती देतो. ॲप मात्र तुझ्या एकटीच्या खात्यावर किती वेळा पडली एवढंच बघणार.

आणि न नेसण्याचं कारण फोटोत कुठे दिसतं? ब्लाउज काखेत दाटतो, फॉल एका बाजूने सुटलाय, परकर मॅचिंग नाही. शंभरातल्या नव्वद साड्या अशाच फुटकळ कारणांनी मागे पडतात, असं माझं ठाम मत आहे. ब्लाउजला आत माया सोडलेली असेल तर शिंपी तासाभरात उसवून सैल करून देतो. हे कळायला साडी हातात घ्यावी लागते, उलटून बघावी लागते. जरीच्या साडीला तर हात लागलाच पाहिजे. एकाच घडीवर वर्षं काढली की त्या रेषेवर रेशीम विरतं, जर चिरते. म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, मलमलीत गुंडाळायची, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही. फोनवर ती साडी कायम झकास दिसत राहील, आणि आत घडीवर फाटत जाईल.

तू म्हणशील, मावशी, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये किती साठवू? बरोबर आहे. पडून कुजण्यापेक्षा दुसऱ्याच्या अंगावर गेलेलं केव्हाही चांगलं, आणि ठेवूनच घे असा माझा आग्रह नाही. पण द्यायचं ते माणूस बघून द्यावं. मऊ सुती साड्यांची गोधडी होते, नीट असलेली हवी का ते विचारून द्यावी, आणि जी कुणाला तरी हवी आहे ती बोहारणीच्या पातेल्यावारी जाऊ नये. असंही म्हणशील, की रोज सकाळी काय घालू याचा घोळ तर मिटतो? मिटू दे. पण आवड ॲपवर सोपवू नकोस. ॲमेझॉनने 2017 मध्ये अमेरिकेत ‘एको लुक’ नावाचा कॅमेरा काढला होता. कपड्यांचे फोटो घेऊन यातलं काय बरं दिसतं ते सांगायचा. 2020 मध्ये कंपनीने तो बंद केला, विकत घेतलेली यंत्रंही चालेनाशी झाली. दुकानदाराच्या मर्जीवर चालणारी सल्लागारीण किती दिवसांची सोबतीण, ते यावरून ओळख. म्हणून कोणती साडी कुणी कधी दिली हे वहीतच लिहून ठेव.

आता मला काळजी लागली आहे ती देऊन टाकायला काढलेल्या कपड्यांच्या पिशव्यांची. कुणाला द्यायच्या ते ठरलं का? जांभळी इरकल त्यात गेली असेल तर आधी बाहेर काढ. ती घरातल्या बारशाची आहे, तिच्यावर तुझ्या एकटीचा हक्क नाही. बाकीच्यांचे ब्लाउज घालून बघ, मगच ठरव. पत्र मिळताच फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
माई मावशी