दुसरा मंगळवार

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या सुदुंबऱ्यात तीन समजुती घट्ट आहेत. एक, त्याच्या घरी नव्या कोऱ्या नोटांची पुडकी असतात. दोन, कर्ज मंजूर करणं न करणं त्याच्याच हातात असतं. आणि तीन, त्याला कॉम्प्युटर येतो. पहिल्या दोन समजुतींचा त्रास अनुक्रमे लग्नसराईत आणि पेरणीच्या दिवसांत होतो. तिसरीचा मात्र बारमाही. मी साधा बी.कॉम. माणूस. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, एवढ्या भांडवलावर वीस वर्षं नोकरी केली. पण हे कुणाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं, ‘‘अहो, दिवसभर त्याच्यासमोरच बसता की तुम्ही!’’ या न्यायानं रोज एस.टी.नं चाकणला जाणाऱ्याला इंजिन खोलता यायला हवं.

आता सुदुंबरे म्हणजे काही असंतसं गाव नव्हे. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथं आहे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेरा दिवसांनी वर आली, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तुकोबांचे अभंग ज्यांनी वहीत उतरवून जतन केले ते संताजी, हे आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. त्यांच्या नावानं चालत आलेल्या वह्यांवरूनच वि. ल. भावे यांनी तुकोबांचा गाथा छापला. म्हणजे हल्ली ज्याला बॅकअप म्हणतात, तो आमच्या गावानं साडेतीनशे वर्षांपूर्वी घेऊन ठेवला होता, आणि तोही विजेशिवाय. दुसरी गोष्ट, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आमच्याच गावात असते. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा जवानांच्या गाड्या इथूनच निघाल्या. तेव्हा बुडालेलं वर काढण्याची दोन्ही खाती, एक पारमार्थिक आणि एक सरकारी, गावात हजर असताना कॉम्प्युटर बुडाला की माणसं माझ्याच दारात का येतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

त्या बुधवारी सकाळी मी डबा पिशवीत टाकून स्कूटरला किक मारायच्या बेतात होतो, तोच थोरले बंधू धापा टाकत आले.

‘‘अरे, आप्पा गेले!’’

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. दादाला मी आधी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग ‘गेले’ म्हणजे कुठं गेले ते विचारलं. ते कॉम्प्युटरमध्ये गेले होते.

सांगतो. आप्पा गावच्या भजनात पेटी वाजवायचे आणि गायचेही. पाहुण्यांपैकी कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन आलं होतं, त्यावर भरलेल्या चार कॅसेट घरात होत्या. आवाज काही भीमसेनांचा नव्हे, मधूनमधून खोकला, मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज, आणि एका अभंगाच्या मध्येच आमची आई ‘‘दूध उतू गेलं’’ म्हणून ओरडते तेही त्यात आहे. गेल्या दिवाळीत पुतणी सुट्टीवर आली, तिनं या कॅसेट कुठल्याशा यंत्राला लावून कॉम्प्युटरमध्ये भरल्या. भरता भरता बुरशी आलेल्या दोन फिती तुटल्या, उरलेल्या दोन गुंतल्या. म्हणजे मूळ प्रत संपली. तेव्हापासून दर एकादशीला संध्याकाळी दादा हात-पाय धुऊन कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसतो. खुर्ची आहे, पण आप्पा गात असताना खुर्चीवर बसायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती.

मी जाऊन पाहिलं. पडद्यावर एकच मजकूर: काहीतरी अडचण आली आहे, आम्ही माहिती गोळा करतोय. खाली शून्यापासून शंभरपर्यंत टक्के चढत होते. दादाला आशा वाटावी असे ते चढत. शंभर झाले की मशीन बंद व्हायचं, पुन्हा चालू व्हायचं, पुन्हा शून्य टक्के. आमच्या बँकेत एकेका कर्जप्रकरणाची प्रगती अशीच होते.

तोवर वहिनींनी चहा टाकला होता आणि चहाच्या वासानं आळी जमली होती. एकानं मशीन पुसून पाहायला सांगितलं. दुसऱ्यानं वायर काढून उलटी लावायला सांगितली. तिसऱ्यानं बटालियनच्या गेटवर जाऊन येतो म्हणून चपला घातल्या, त्याला धरून बसवावं लागलं. चौथा जरा शिकलेला. तो म्हणाला, ‘‘काल मंगळवार होता ना? दुसरा मंगळवार. अपडेट आलं असणार.’’

पंचांगात नसलेला हा सण आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं पायंडा पाडला की सुरक्षेच्या दुरुस्त्या सुट्या सुट्या न पाठवता महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा पाठवायच्या. पुढं अडोबी, सॅप अशा कंपन्यांनीही तोच वार धरला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे तिकडं मंगळवार असतो आणि आपल्याकडे तो बुधवारी सकाळी उगवतो.

हे क्रॅश का होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. बँकेत काउंटरवरचा एक कारकून चक्कर येऊन पडला तर त्याची खिडकी बंद होते, बाकीची बँक चालते. कॉम्प्युटरमधले साधे कार्यक्रम असेच, एक पडला तर एकच खिडकी मिटते. पण स्ट्राँगरूममध्येच गोंधळ झाला तर मॅनेजर सगळी शाखा बंद करतो. दहा हजारांची चूक दहा लाखांची होण्यापेक्षा शटर खाली ओढलेलं बरं. कॉम्प्युटरचा गाभा म्हणजे ही स्ट्राँगरूम. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुष्कळदा तिथंच करायच्या असतात. आणि तिथं प्रिंटरचा, आवाजाचा, चित्राचा, असे निरनिराळ्या कारखान्यांचे ड्रायव्हर आधीच बसलेले असतात. नव्याचं आणि जुन्याचं पटलं नाही की शटर खाली. पडद्यावरचा मजकूर म्हणजे त्या शटरवर लावलेली पाटी.

याच्या एकेक हकिगती ऐकण्यासारख्या आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये एक दुरुस्ती लावली आणि ठिकठिकाणी विंडोज एक्सपीवाले कॉम्प्युटर निळे पडले. कंपनीच्या नावानं शिमगा झाला. तपासात निघालं काय, तर त्या मशीनमध्ये अल्युरिऑन नावाचा एक भामटा प्रोग्रॅम आधीपासून गाभ्यात लपून बसला होता. दुरुस्तीनं आतल्या फळ्या इकडच्या तिकडे केल्या आणि भामट्याचा पाय नेमका रिकाम्या जागी पडला. म्हणजे घराला रंग द्यायला काढला तेव्हा माळ्यावरचा चोर खाली पडला! मार्च २०२१ मध्ये तर छापायचं बटण दाबलं की मशीन कोसळायचं. ९ तारखेला दुरुस्ती आली आणि १५ तारखेला दुरुस्तीची दुरुस्ती. आमच्याकडे याला रेक्टिफिकेशन एन्ट्री म्हणतात. फरक एवढाच की आमच्यात ती करणाऱ्याला मेमो मिळतो.

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार कोण विसरेल? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक फाइल आपल्या घड्याळानं सकाळी नऊ एकोणचाळीसला सुटली. चूक लक्षात येऊन ती अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मागे घेतली, पण तेवढ्यात जगातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले होते. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. कारण पुढं कळलं ते वाचून माझ्यातला कारकून उचंबळून आला. एकीकडे एकवीस रकाने धरले होते आणि दुसरीकडून वीसच भरून येत होते. बस्स! एवढ्यावर जग थांबलं. आमचे जुने हेडक्लार्क असते तर त्यांनी तो फॉर्म ‘रकाना क्र. २१ रिक्त, सबब परत’ असा शेरा मारून साडेनऊलाच माघारी धाडला असता.

हे सगळं मी आळीला ऐकवल्यावर चपलावाल्यानं साहजिकच विचारलं, ‘‘मग हे अपडेट बंदच करून टाकलं तर?’’

इथं मात्र मी ठाम आहे. १४ मार्च २०१७ ला एका भोकाची दुरुस्ती आली होती. ज्यांनी ‘बघू नंतर’ म्हणून ती लावली नाही, त्यांच्याकडे १२ मे रोजी वॉनाक्राय शिरला. दीडशेवर देशांत धिंगाणा घातला, इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. दोन महिने हातात होते. तेव्हा अपडेट लावायचं. कधीमधी मशीन कोसळलं तर तीही किंमत द्यायची. दाराला नवी कडी बसवताना सुतारानं एखाद्या दिवशी आपल्यालाच बाहेर कोंडलं म्हणून दार उघडं टाकून झोपत नाहीत. फक्त सुतार येणार त्या दिवशी दागिने आधी हलवावेत.

दादाचे दागिने हलवायचे राहिले होते. म्हणून पुतणीला नागपूरला फोन लावला.

ती म्हणाली, ‘‘काका, घाबरू नका. दोन-तीनदा सुरू होताना अडलं की ते स्वतःच दुरुस्तीच्या पानावर जाईल. तिथं शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय असते.’’ खरंच तसं पान आलं. मी पुढं गेलो, तर मशीननं किल्ली मागितली. अट्ठेचाळीस आकड्यांची! पुतणीनं डिस्कला कुलूप घातलं होतं आणि किल्ली ठेवली होती तिच्या जुन्या कॉलेजच्या खात्यावर. कॉलेज संपलं तसं ते खातंही बंद झालं होतं. फोनवर ती गप्प. इकडे दादा गप्प. चहाचे कपसुद्धा वाजेनात.

एवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, ते आकडे का? ते मी लिहून ठेवलेत.’’

आणि त्यांनी दुधाची वही आणली. दीड वर्षापूर्वी लेकीनं फोनवर ‘‘आई, लिहून घे गं’’ म्हटलं होतं आणि त्यांनी लिहून घेतलं होतं. एका बाजूला म्हशीचं सकाळचं दूध, एका बाजूला संध्याकाळचं, आणि मधल्या पानावर सहा-सहा आकड्यांचे आठ गट, स्वच्छ मराठी आकड्यांत. वर ‘कॉम्प्युटर’ असं शीर्षक आणि खाली सवयीनं मारलेली एकूण बेरीज!

सात गट बिनबोभाट गेले. आठव्यावर वहिनींच्या वहीनं दगा दिला. एका आकड्यावर दुधाचा थेंब पडला होता. ३७२ नंतर एक आहे की नऊ, आणि पुढं ४४. मराठीतला एक आणि नऊ म्हणजे जुळे भाऊ. चेकवर त्यांनी मला आयुष्यभर छळलंय. मी एक घालणार तेवढ्यात पुतणी म्हणाली, ‘‘काका, अंदाज नको. या किल्लीचा प्रत्येक गट अकरानं पूर्ण भागला जातो. बघा भागून.’’

अहाहा! वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून पहिल्यांदा त्यानं मला येणारी गोष्ट विचारली होती. अकराची कसोटी शाळेत शिकलेली. एकाआड एक आकड्यांच्या बेरजा घ्यायच्या. तीन, दोन, चार मिळून नऊ. सात, एक, चार मिळून बारा. फरक तीन, चालणार नाही. आता एकाच्या जागी नऊ घालू. सात, नऊ, चार मिळून वीस. विसातून नऊ गेले, अकरा! दुधाचा थेंब नऊवर पडला होता. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की कर्जमंजुरीसुद्धा माझ्याच हातात आहे याबद्दल त्याची आता खात्रीच पटली असावी.

कुलूप उघडलं. ‘शेवटचं अपडेट काढा’ या ओळीवर बोट दाबलं, मशीन बराच वेळ विचार करीत राहिलं आणि मग नेहमीचा पडदा आला, त्यावर आमचं शेत. मागाहून पुतणीनं सांगितलं की आवाजाच्या कार्डाचा जुना ड्रायव्हर आणि नवं अपडेट यांचं जमलं नव्हतं. ड्रायव्हर बदलून तेच अपडेट तिनं चार दिवसांनी परत लावायला लावलं, आणि ते मुकाट्यानं बसलं.

पण ते नंतरचं. त्या वेळी दादानं एकादशीची वाट पाहिली नाही. खाली बसून त्यानं बटण दाबलं. आधी घुंगरं, मग खोकला, मग पेटीचा भाता, आणि आप्पा. आळी उठून जायला निघाली होती, ती तशीच उभी राहिली. आईनं दूध उतू गेल्याचं ओरडून सांगितलं तेव्हा वहिनी खरोखरच स्वयंपाकघराकडे धावल्या. मी त्या दिवशी बँकेत सव्वा तास उशिरा पोचलो आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: ‘वडिलांचे काम.’

संध्याकाळी तीन पेन ड्राइव्ह आणले. एक देवाच्या फळीवर, एक माझ्याकडे, एक नागपूरला. किल्लीचं पान वहिनींनी दुसऱ्या वहीत उतरवून काढलं, या वेळी आकडी आणि अक्षरी. मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलं आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारावर निळ्या पेनानं फुल्या मारत सुटल्या. त्या दिवशी, अपडेट यायच्या आधी, भजनाची प्रत काढायची असं ठरलं होतं. एका पानावर त्या थबकल्या.

‘‘भाऊजी, या मंगळवारी अंगारकी आली की हो! मग प्रत उपास सोडायच्या आधी काढायची की नंतर?’’

‘‘चंद्रोदय नऊच्या सुमाराला,’’ मी म्हटलं, ‘‘आणि ते येणार साडेदहानंतर. आधी जेवून घ्या.’’