काळे प्लम आणि दाण्याचे कूट

झांग झोंगजिंग या चिनी वैद्याचा ‘शांग हान लुन’ हा ग्रंथ सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा. त्यात ‘वू मेइ वान’ नावाची एक गोळी आहे. वू मेइ म्हणजे धुरावून काळे केलेले आंबट प्लम. पोटात जंत खवळले आणि रोग्याचे हातपाय गार पडू लागले, की ही गोळी द्यावी, असे तो सांगतो. शरीराची जी यंत्रणा जंतांशी लढते, तीच ॲलर्जीत निरुपद्रवी अन्नावर तुटून पडते, हे पुढे कित्येक शतकांनी कळले. योगायोग म्हणा हवा तर; आम्हा साहित्याच्या माणसांना अशा योगायोगांचा मोह फार.

परंतु या वेळी निव्वळ मोह नव्हता. न्यू जर्सीत वाढणाऱ्या आमच्या नातीला शेंगदाणा चालत नाही. ‘चालत नाही’ हा फारच सौम्य शब्दप्रयोग झाला. कणभर कूटही तिच्या जिवावर बेतू शकते. दाण्याच्या कुटावाचून ज्या घराचे पान हलत नाही, तिथे ती आली की डबे माळ्यावर जातात आणि एपिनेफ्रिनचे पेन हाताशी ठेवले जाते. चिनी वनौषधी द्यावी का, असे तिच्या आईने विचारले, तेव्हा आम्ही वाचायला बसलो.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये असताना डॉ. शिउ-मिन ली यांनी याच जुन्या गोळीवरून अन्नाच्या ॲलर्जीसाठी औषध घडवले. आधीच्या ११ वनस्पतींतून बचनागाच्या कुळातली एक आणि दुसरी एक अशा दोन विषारी वनस्पती वगळून ९ ठेवल्या. यादीत सुंठ आहे, आपल्या तिरफळाची चिनी बहीण आहे, आणि दालचिनीच्या काड्या आहेत. (फारसीतून आलेल्या ‘दालचिनी’ या शब्दात चीन दडलेला आहेच.) उंदरांत या औषधाने कमाल केली: शेंगदाण्याची जीवघेणी प्रतिक्रिया थांबली, औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे.

माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ६८ जण, सहा महिने, दिवसातून तीनदा दहा-दहा गोळ्या. औषध निर्धोक ठरले, पण त्या मात्रेत आणि त्या मुदतीत गुण दिसला नाही. पुष्कळांनी गोळ्या नेमाने घेतल्याच नाहीत. दिवसाला तीस गोळ्या गिळणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांचे आम्हाला तरी नवल वाटत नाही.

जुने म्हणून खरे, हे आम्हाला कधीच पटले नाही. जुने म्हणून खोटे, हेही नाही. तेव्हा आईला इतकेच लिहिले, की प्रयोगशाळेत पारखलेली गोळी वेगळी आणि दुकानातली पुडी वेगळी. पुडी आणू नये, पेन दूर ठेवू नये. तिचे उलट टपाली उत्तर आले: “मग आमटीत तिरफळ घातले तर चालेल ना?” त्यावर आम्ही तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवले.