शांतिवनातील कोट आणि पेटीतील लुगडे

दीक्षाभूमीला वंदन करून बहुतेक मंडळी थेट नागपूर स्टेशन गाठतात. या वेळी मात्र अकोल्याहून आलेले आम्ही विहारातील दहा-बारा जण काटोल रस्त्याने चिचोलीला गेलो. तेथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आहेत. दिल्लीत बाबासाहेबांचे लेखनिक म्हणून राबलेले नानकचंद रत्तू यांनी त्या जपल्या आणि १९५६ च्या दीक्षा सोहळ्याचे एक प्रमुख संयोजक वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपवल्या.

कोट, टोपी, टाइपरायटर. फोटोत हजारदा पाहिलेल्या कोटालाही शिवण असते आणि त्याचे कापडही जीर्ण होते, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. महिला मंडळी तर तेथून हलेनात.

बाहेर झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या तेव्हा एका तरुणाने विषय काढला, ‘‘वस्तूंपुढे हात जोडायचे, मग बावीस प्रतिज्ञांचे काय?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर सोबतच्या आजींनी दिले.

‘‘अरे लेकरा, देव म्हनून नाई. माह्या सासूचं पांढरं लुगडं माह्या पेटीत हाय. दीक्षेले तेच नेसून गेल्ती. त्याच्या आंधी कोरं कापड तिच्या अंगावर पडलंच नवतं. मी त्याले पुजत नाई, पन त्याची गोधडीबी शिवू देत नाई.’’

दीक्षेला लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत आले होते. ती लुगडी, ती धोतरे गेली कुठे? काहींची गोधडी झाली, काही बोहारणीकडे गेली, बदल्यात एखादे पातेले आले. गरिबाच्या घरी असेच व्हायचे, त्यात दोष कुणाचा? पण आता तशी गरज उरली नाही, तरी घराला रंग देताना जुनी पेटी आधी भंगारात जाते, कारण आत काय आहे ते नातवांना ठाऊक नसते. आमची कारकुनी खोड म्हणा, पण कागदावर नसलेली गोष्ट नाहीच, असे धरले जाते.

परतल्यावर पौर्णिमेला विहारात एक वही घातली : वस्तू कोणती, कुणाची, कधीची, कोणी सांगितले. पहिली नोंद लुगड्याची. ते विहारातच ठेवावे, असे आम्ही सुचवले. आजी म्हणाल्या, ‘‘लिवा खुशाल. पन पेटी माह्याच घरी राहीन.’’