मोटारीचे आयुष्य व आमचा डावा पाय

मनुष्याच्या आयुष्याचा हिशेब पत्रिकेवरून सांगणारे ज्योतिषी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोटारीची पत्रिका मात्र सरकार स्वतः मांडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, व पुढे तपासणीत ती धडधाकट ठरली तर पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमच्या मोटारीची ही पत्रिका २००९ साली पेणच्या परिवहन कार्यालयात मांडली गेली व रायगड जिल्ह्याचा ‘एमएच ०६’ हा टिळा तिच्या कपाळी लागला. त्याच महिन्यात, त्याच कंपनीची व त्याच जातीची दुसरी मोटार आमच्या रोह्याच्या शेजाऱ्यांनी घेतली. हे गृहस्थ एसटीच्या चालकपदावरून नुकतेच निवृत्त झाले होते. दोन्ही मोटारी आमच्या आळीत शेजारी शेजारी उभ्या राहत, तेव्हा त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत.

२०२४ साली त्यांतील एकीला पाच वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले व दुसरी भंगारात गेली. भंगारात गेलेली आमची, हे चाणाक्ष वाचकांस सांगावयास नकोच.

प्रथम आम्ही दोष दिला तो रस्त्याला. आमचे महाविद्यालय पेणला. त्यामुळे भिसे खिंड, नागोठणे, वडखळ आणि पेण ही आमची रोजची वारी. मुंबई-गोवा महामार्गाच्या या भागाचे रुंदीकरण २०११ पासून दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या अवधीत तेथे काय काय सोसावे लागले, हे कोकणी माणसास वर्णून सांगणे म्हणजे समुद्राला मिठाची चव सांगण्यापैकी होय. रस्त्यानंतर आम्ही दोष दिला तो हवेला. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, त्यात धरमतरच्या खाडीवरून येणारा खारा वारा! पाणी, हवा आणि मीठ ही त्रयी एकत्र आली की लोखंडास गंज चढण्याचा वेग वाढतो, हे रसायनशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेला मुलगाही सांगेल. वडखळजवळ डोलवीला पोलाद नव्याने जन्मास येत असता त्याच्याच शेजारून आमचे पोलाद रोज थोडे थोडे मातीत मिळत होते.

ही सबब मोठी सुरेख होती. तिच्यात व्यंग एवढेच, की शेजाऱ्यांचे चिरंजीवही पेणलाच नोकरीस होते. बापलेक आलटूनपालटून गाडी चालवीत. खड्डे तेच, पाऊस तोच, वाराही तोच. त्यांच्या गाडीचे किलोमीटर तर आमच्याहून थोडे अधिकच भरले.

खरा निकाल दिला तो रोह्याच्या एका मिस्त्रीने. त्याने आम्हांस गाडी चालविताना कधी पाहिले नव्हते. त्याने गाडी वर उचलली, थोडी खोलली, हात पुसले आणि विचारले, “सर, तुमचा डावा पाय क्लचवरून खाली येतच नाही वाटतं? आणि खिंडीच्या उताराला गाडी न्यूट्रल करून सोडता ना?” आम्ही चकित झालो. पुढे तो म्हणाला, “ऑइल डांबरासारखं झालंय. दोन पावसाळे तरी खालचा चिखल धुतलेला नाही.” पंधरा वर्षांचा आमचा गुप्त इतिहास त्याने पाच मिनिटांत वाचून दाखविला. शेवटी दुरुस्तीचा अंदाज सांगितला. तो गाडीच्या किमतीहून मोठा होता.

अमेरिकन कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स याची १८५८ सालची एक विनोदी कविता आहे. तीतील एका धर्मनिष्ठ गृहस्थाने अशी घोडागाडी बांधली, की तिचा कोणताच भाग दुसऱ्याहून कच्चा नव्हता. ती बरोबर शंभर वर्षे चालली आणि शंभराव्या वर्षी एका क्षणात सगळी मिळून भुगा झाली. असे वाहन कवितेतच चालावयाचे. व्यवहारातील वाहनाचा कोणता तरी एक भाग आधी झिजतो, व तो कोणता हे पुष्कळ अंशी चालविणाराच ठरवितो. क्लचवर नुसता विसावलेला पायही बेअरिंगवर सतत दाब ठेवतो. पकड किंचित सैल होते, तबकडी घसरते आणि तापून झिजते. वेग चाळिसावरून साठावर गेला, की गाडीतील गतिज ऊर्जा दीडपट नव्हे तर सव्वादोन पट होते; ती सगळी ब्रेकला उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. खड्ड्यात शिरल्यावरही ब्रेक दाबून धरला, तर पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात व धक्का थेट सांध्यांवर बसतो. उतारावर न्यूट्रल करून आम्ही पेट्रोल वाचवीत होतो, असा आमचा समज. वस्तुतः अलीकडच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये राहून उतरू लागली की पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे आम्ही पेट्रोलही घालविले आणि ब्रेकही.

यांतील एकही गोष्ट कळण्यास कठीण नाही. मग ती शेजाऱ्यांस साधली व आम्हांस का साधू नये? त्यांच्यापाशी एक साधी वही होती. तीत ऑइल, ब्रेक-ऑइल, चाकांतील हवा यांच्या तारखा मांडलेल्या. पावसाळ्यात दर रविवारी ते गाडीच्या पोटाखाली नळी धरून गोड्या पाण्याने चिखल काढीत. आम्ही त्यांस एकदा कौतुकाने म्हणालो, “दादा, स्वतःच्या वस्तूवर एवढे प्रेम करणारा माणूस विरळा.” त्यावर ते हसून म्हणाले, “प्रेम कसलं सर? एसटीत गाडी आपली नसतेच. आज माझ्या हाती, उद्या दुसऱ्याच्या. जशी घेतली तशी पुढच्याला द्यायची, एवढंच अंगवळणी पडलंय.”

हे वाक्य आम्हांस फार दिवस टोचत राहिले. आम्ही आमची मोटार ‘आमची’ म्हणून वापरली. तिचे बरेवाईट करण्याचा आम्हांस हक्कच होता. त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली मोटारही दुसऱ्याची ठेव म्हणून वापरली. आषाढ-श्रावणात पेण, जोहे, हमरापूर येथून गणपतीच्या मूर्ती घेऊन निघणारे टेंपो आपण पाहतो. एरवी बेफाम सुटणारा चालकही त्या दिवशी खड्डा दिसताच दुरून वेग उतरवितो, धक्का न देता गिअर बदलतो. मागे मूर्ती आहे, ती कोणाच्या तरी घरी अभंग पोचवावयाची आहे, एवढे भान पुरते. त्या भानाने मूर्ती तर वाचतेच, परंतु टेंपोही वाचतो.

आमची मोटार गेली, याचे दुःख आम्ही महिन्याभरात विसरलोही असतो. परंतु गेल्या वर्षी आमच्या कन्येने स्वतःच्या मिळकतीतून मोटार घेतली. ती चालविण्यास शिकली होती आमच्याच मोटारीवर, आमच्याच शेजारी बसून. एका संध्याकाळी तिने आम्हांस पेणहून रोह्यास आणले. भिसे खिंडीचा चढ संपला, उतार लागला, आणि तिने सहजपणे गाडी न्यूट्रल केली. आम्ही खाली पाहिले. तिचा डावा पाय क्लचवर विसावलेला होता. टाच किंचित उचललेली, अंगठा बाहेरच्या बाजूस वळलेला, हुबेहूब आमचाच पाय! मुलीस आपण काय काय दिले याची जी यादी बाप मनात जपतो, तीत ही वस्तू आम्ही कधी घातली नव्हती. तिला उपदेश करावयास आमचे तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो व म्हणालो, “दादा, आम्हां दोघांनाही पहिल्यापासून शिकवा.” त्यांनी आळीवरून भिसे खिंडीपर्यंत एक फेरी करावयास सांगितली, व एकच नियम घातला: गिअर बदलून झाला की डावा पाय जमिनीवर. कन्या पुढे बसली, आम्ही मागे. तिचा पाय चौथ्या दिवसापासून आपण होऊन जमिनीवर येऊ लागला. आमचा मात्र मागच्या आसनावरही, प्रत्येक वळणास, अजून उचलला जातो.