कोण म्हणालं ते लिहून ठेव

साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लेख लिहिणारी माणसं जरा विक्षिप्त असतात असा एक समज आहे, आणि तो फारसा खोटा नाही. मी त्यातलाच. नोटपॅडसारखा एखादा एडिटर, पांढरं पान, काळी अक्षरं, बस्स. घरी येणाऱ्याला वाटतं हा किराण्याची यादी करतोय. मग हमखास प्रश्न येतो: शोधनिबंध असेल तर संदर्भांचं काय करता? तळटीपा, शेवटची सूची, हे त्या बोडक्या फाईलीत मावतं कसं?

याचं सविस्तर उत्तर द्यायची वेळ दिवाळीत आली. पुतणी आठ दिवस धाडला आली होती. (नव्या वाचकांसाठी: धाड हे आमचं गाव, बुलढाणा तालुक्याच्या टोकाचं. पुढे भोकरदनकडे गेलात की मराठवाडा लागला.) तिच्या प्रबंधाचा विषय लोणार. सरोवर नव्हे, सरोवराबद्दल आजवर कुणी, कधी, काय लिहिलं तो इतिहास. म्हणजे विषयच मुळी संदर्भांचा! दीडशेच्या वर नोंदी, सगळ्या हाताने क्रमांक घालून टाईप केलेल्या.

"काका, मधात एक संदर्भ टाकला ना, की पुढचे सगळे आकडे सरकून जातात. मी किती वेळा मोजू?"

मी म्हटलं, तू मोजूच नकोस. आकडे मोजायला यंत्र आहे.

पद्धत खरं तर जुनी आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली आणली आणि १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी तिच्या सोबतीला बिबटेक तयार केलं. कल्पना एवढीच की फाईली दोन ठेवायच्या. एकीत लेख, दुसरीत संदर्भांची पेटी. पेटीत प्रत्येक पुस्तकाची नोंद एकदाच: लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, पानं. प्रत्येक नोंदीला एक खूण. लेखात जिथे संदर्भ हवा तिथे फक्त ती खूण लिहायची. २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन यांचं पॅनडॉक आलं आणि हे आणखी सोपं झालं. आता मी एवढंच लिहितो:

लोणारचं विवर उल्कापाताने झालं [@फ्रेड्रिक्सन१९७३].

(खुणा मी रोमन लिपीत ठेवतो, कळफलक सारखा बदलावा लागत नाही. इथे आपलं वाचायला बरं म्हणून देवनागरीत.) पॅनडॉकला हुकूम दिला की चौकटीतल्या खुणेच्या जागी रीतसर संदर्भ येतो आणि शेवटी सूची लागते. एका नियतकालिकाला कंसात वर्ष हवं, दुसऱ्याला वर छोटा आकडा हवा, तर फक्त शैलीच्या फाईलीचं नाव बदलायचं. अशा तयार शैली दहा हजारांच्या वर आहेत. मजकुराला हात लावायचा नाही. शिवाय फाईल इतकी हलकी की आमच्याकडचं नेट रुसलेलं असलं तरी फोनवरून जाते.

पुतणी यावरच खूश होती. पण मला या प्रकरणातली जी गोष्ट खरी मोलाची वाटते ती वेगळीच आहे, आणि ती तिला दुसऱ्या दिवशी सापडली.

तिच्या मजकुरात वाक्य होतं: लोणार विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षे, पुढे कंसात सतरा. मी म्हटलं, सतराच्या जागी खूण घाल. ती नाव शोधायला गेली तर सतरावा संदर्भ निघाला एक मराठी लेख. त्या लेखात कुणाचंच नाव नाही. हा आकडा आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही पाठ आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी जे लेख वाचले त्यांतही हाच, आणि कुणाचा ते नाहीच.

शोधत गेल्यावर मूळ मिळालं. १९९७ मध्ये सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी तप्तदीप्ती पद्धतीने, म्हणजे खडक तापवल्यावर बाहेर पडणारा साठलेला प्रकाश मोजून, हे वय काढलं आणि ब्राझीलमधल्या एका नियतकालिकात छापलं. पुढे २०११ मध्ये फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच वितळून थिजलेल्या खडकातल्या अरगॉनवरून वय काढलं, ते आलं सुमारे ५,७०,००० वर्षे. दहापटीहून जास्त! कंसात सतरा असताना या दोन आकड्यांचं भांडण दिसत नव्हतं. एकाच परिच्छेदात @सेनगुप्ता१९९७ आणि @जूर्दां२०११ समोरासमोर आले, तेव्हा तिला ते दोन्ही लिहावं लागलं आणि आपण कुणाचं का मानतो तेही. एका वाक्याचं दीड पान झालं. क्रमांक मुका असतो हो. नाव लिहिताना माणूस क्षणभर थांबतो.

फ्रेड्रिक्सनच्या खुणेचंही तसंच. १९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डिट्झ यांनी उल्केचा नुसता प्रश्न उपस्थित केला होता. १९७३ च्या निबंधात प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं मॅस्केलिनाईट हे खनिज मिळाल्याचा पुरावा आला. शंका कुणाची आणि पुरावा कुणाचा, हे खुणांवरूनच वेगळं पडतं.

मराठी संदर्भांनी मात्र घाम काढला. मूळ बिबटेकला देवनागरी म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आद्याक्षर काढायला सांगितलं तर ते अक्षराचा लचका तोडतं. नव्या साधनांत हे बरंच सुधारलंय, तरी 'प्रल्हाद'चं 'प्र.' यंत्रावर सोडू नये, आपणच पेटीत 'प्र. के.' लिहून टाकावं. आणि शके! जुन्या पुस्तकावर शके १८२० असेल तर ते १८९८ किंवा १८९९ चे पहिले तीनेक महिने. मी वर्षाच्या रकान्यात इसवी सन घालतो आणि टिपेत शके तसाच ठेवतो.

सगळ्यात गुंता लीळाचरित्राचा. चक्रधरस्वामी लोणारला होते, यादव राजा कान्हरदेव तिथे भेटीला आला, ही लीळा तिला हवी होती. पण लीळांचे क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात. ह. ना. नेने वेगळे, शं. गो. तुळपुळे वेगळे, वि. भि. कोलते (आपल्याच जिल्ह्यातले, नरवेलचे) यांची १९७८ ची आवृत्ती वेगळी. म्हणून 'लीळाचरित्र' अशी एकच नोंद चालत नाही. आवृत्तीगणिक एक खूण, आणि खुणेनंतर स्वल्पविराम देऊन लीळेचा क्रमांक. पॅनडॉक तो मुकाट्याने सोबत छापतं.

आणि इथे मला राहवलं नाही, तिला सांगितलंच. म्हाइंभटांची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लुटीत गेली असं महानुभाव परंपरा सांगते. त्या लुटीला त्यांच्यात म्हणतात 'खालशाची धाड'. (गावाच्या नावाशी याचा संबंध आहे असं माझं म्हणणं नाही, पण अंगावर काटा येतो खरा.) मग आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा ज्याला जसं आठवलं तसं त्याचं नाव घालून नोंदवलं: हिराइसा असं म्हणतात, परशरामबास असं, रामेश्वरबास असं. सातशे वर्षांपूर्वी! पुतणी म्हणाली, "काका, हे तर तुमच्या खुणांसारखंच झालं."

शेवटच्या दिवशी एक पेच उरला. लवणासुराची गोष्ट तिने माझ्या आईकडून, म्हणजे तिच्या आजीकडून, ओसरीवर बसून फोनवर रेकॉर्ड केली होती. तिला कुणीतरी सांगितलेलं की घरच्या म्हाताऱ्यांचं प्रबंधात घालायचं नसतं. मी पेटी उघडून दाखवली. मुलाखत हाही नोंदीचा एक रीतसर प्रकार आहे: सांगणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण. तिने ठिकाणापुढे 'धाड, जि. बुलढाणा' टाईप केलं. आईला हे कळल्यावर तिची एकच अट: सूचीत नाव येणार असेल तर माहेरचं आडनाव यायला पाहिजे, कारण गोष्ट माहेरची आहे. पुतणीचं म्हणणं, आधारकार्डावर सासरचं आहे. जेवणं होईस्तोवर दोघींचं ठरलं नव्हतं.